नाटकाच्या फोटोंसाठी जुना स्वस्त मिररलेस घेऊ की नवा महागडा?

विंगेतला

मंडळी, पंधरा दिवस हाच किडा डोक्यात वळवळतोय, म्हणून शेवटी धागा काढला.

आमचा हौशी नाटकवाल्यांचा ग्रुप आहे. मला अभिनय येत नाही, त्यामुळे मी विंगेत उभा राहून प्रॉपर्टी देतो आणि मधल्या वेळेत रंगीत तालमीचे, प्रयोगाचे फोटो काढतो. आतापर्यंत मित्राचा जुना डीएसएलआर आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ किट लेन्स यावर भागवलं. आता मित्राला कॅमेरा परत हवाय. (त्याचंही बरोबर आहे, चार वर्षं झाली.)

दोन मिररलेस (डीएसएलआरसारखा आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांवर येऊन अडकलोय:

पहिला, सोनी ए६०००, सेकंडहँड. २०१४ चं मॉडेल, म्हणजे कॅमेऱ्यांच्या हिशोबात आजोबाच. पण इतका स्वस्तात मिळतोय की लेन्ससाठी बरेच पैसे उरतील.

दुसरा, सोनी ए६७००, नवा कोरा. २०२३ चा. तो घेतला की किट लेन्सवर खिसा रिकामा, पुढची दोन वर्षं काही घेणं नाही.

रिव्ह्यू बघून बघून डोळे दुखले. प्रत्येक जण शेवटी म्हणतो "तुमच्या गरजेनुसार ठरवा". गरज कळली असती तर रिव्ह्यू कशाला बघितले असते?

फोटोत माझी मुख्य तक्रार एकच, हवे तसे येत नाहीत. नाटकात अंधार फार.

कवडसा

डोळे झाकून पहिला पर्याय. कारण सांगतो, गणित साधं आहे.

किट लेन्स झूम केली की एफ/५.६ वर येते (एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं). त्याऐवजी एफ/१.४ ची एखादी प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स घ्या. ५.६, ४, २.८, २, १.४ अशा चार पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीला (तिलाच स्टॉप म्हणतात) प्रकाश दुप्पट. म्हणजे सोळापट प्रकाश! जिथे शटर १/१५ सेकंदावर अडकत होतं तिथे १/२५० मिळेल.

आता नवी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) काय देते ते बघा. दोन्ही कॅमेरे एपीएस-सी, म्हणजे सेन्सरचा (फोटो टिपणाऱ्या चिपचा) आकार तोच. नव्या सेन्सरचा नॉइज (फोटोतले दाणे) थोडा कमी असेल, पण सोळापट सोडा, दुप्पटही फायदा होणार नाही. फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरवर उडी मारली तरी सेन्सरचं क्षेत्रफळ साधारण २.३ पट होतं, म्हणजे जेमतेम सव्वा स्टॉप. चार स्टॉप कुठे आणि सव्वा कुठे.

लोक बॉडीवर पैसे घालतात आणि तिच्या तोंडाला किट लेन्स लावतात. घोडा घेतला, नाल ठोकायला पैसे उरले नाहीत.

भिंगरी

कवडसा, तुमचं गणित बरोबर आहे, पण फोटो गणिताने निघत नाहीत.

मी नृत्याच्या कार्यक्रमांचे फोटो काढते. पैसे वाचवायचे म्हणून एकदा नाही, दोनदा जुना कॅमेरा घेतला. पहिल्याचं चार्जिंगचं पोर्ट सैल झालं. दुसरा धडधाकट होता, पण नर्तकी गिरकी घेऊन समोर आली की फोकस तिच्या चेहऱ्यावर यायच्या ऐवजी मागच्या पडद्यावर. लेन्स एफ/१.८ ची होती हो, प्रकाश भरपूर. पडद्याची वीण मात्र अगदी टिपटॉप यायची.

तुम्ही एफ/१.४ वर जाता तेव्हा फोकसची खोली किती उरते? डोळा शार्प तर कान धूसर. मग फोकस अचूक हवाच, आणि तिथे जुनी बॉडी दगा देते. ए६००० मध्ये डोळा ओळखायची सोय आहे, पण बटण दाबून धरावं लागतं आणि ती हलत्या माणसाच्या मागे मागे जात नाही. ए६७०० डोळा धरतो आणि सोडत नाही. पाठ फिरवली तर डोकं धरतो.

शिवाय अंधारात फोकस करायची क्षमता कागदावर बघा, जुन्याची ० ईव्हीपर्यंत, नव्याची -३ पर्यंत (ईव्ही हे उजेडाचं माप, एक कमी म्हणजे प्रकाश निम्मा). म्हणजे आठव्या हिश्श्याच्या प्रकाशातही नवा चालतो.

दोनदा स्वस्त घेऊन तिसऱ्यांदा महाग घेतला. थेट तिसऱ्यावर गेले असते तर पैसे वाचले असते.

निगेटिव्ह

आम्ही फिल्मच्या जमान्यात ४०० चा रोल १६०० चा समजून वापरून (पुश करून) नाटकं टिपलीत. ३६ फ्रेम. त्यातल्या चार बऱ्या आल्या तर खूष. ग्रेन इतका की चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखा वाटे.

२४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० बाय ४०००. ३०० डीपीआयला २० इंच बाय १३ इंचाचं प्रिंट आरामात निघतं. तुम्ही कधी काढणार आहात एवढं प्रिंट? कोणताही घ्या. फोटो काढा.

वाचनमात्र

मोबाईल घ्या, विषय संपवा. :)

तिपाई

वाचनमात्र, विषय संपला तर आम्ही रात्री काय करायचं?

विंगेतला, तुम्ही "हवे तसे येत नाहीत" म्हणता, पण म्हणजे नक्की काय होतं ते सांगितलंच नाही. "डॉक्टर, बरं वाटत नाही" एवढ्यावर औषध कसं द्यायचं? एक काम करा. शेवटच्या प्रयोगाचे सगळे फोटो, डिलीट केलेलेही सापडत असतील तर तेही, मोठ्या स्क्रीनवर १०० टक्के झूम करून बघा. खराब फोटो वेगळे काढा आणि प्रत्येकाला कारण लावा. कारणं ओळखायची अशी:

नट धूसर आणि टेबल-खुर्ची स्वच्छ, तर शटर हळू पडलं, माणूस हलला. नट, खुर्ची, पडदा सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसतंय तर हात हलला. नट धूसर पण त्याच्या मागचं किंवा पुढचं काहीतरी अगदी शार्प, तर फोकस चुकला. सगळं जागेवर आहे पण चेहरा खसखशीने भरलाय, तर नॉइज. चेहरा पांढरा फटक, नाकडोळे धुऊन गेलेत, तर एक्स्पोजर, म्हणजे प्रकाश जास्त घेतला.

आकडे घेऊन या. तोवर कोणी काही सुचवू नये अशी विनंती (कोणी ऐकणार नाही हे माहीत आहे).

कवडसा

तोवर एक बारीक दुरुस्ती. बऱ्याच लोकांना वाटतं की नव्या बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरायची सोय) आहे म्हणून अंधारातले फोटो आपोआप सुधारतील. ए६००० च्या बॉडीत ते नाही, ए६७०० मध्ये आहे आणि पाच स्टॉपपर्यंत मदत करतं, मान्य. पण ते तुमचा हात थांबवतं, नटाचा नाही. १/१५ ला तुम्ही पुतळ्यासारखे उभे राहाल आणि समोर नायक खलनायकाच्या कानाखाली वाजवेल तेव्हा हाताच्या जागी नुसता धूर येईल.

भिंगरी

धूर सुंदर दिसतो कधीकधी. माझ्या भिंतीवर असाच एक फोटो आहे.

कवडसा

कधीकधी. दर वेळी नाही.

विंगेतला

तिपाई, तुम्ही माझा रविवार खाल्लात. पण डोळे उघडले.

शेवटच्या प्रयोगाचे ३१८ फोटो. खराब १२७. त्यातले:

७१ मध्ये नट हललाय. १२ मध्ये माझा हात. २६ मध्ये फोकस चुकलाय, बहुतेक वेळा मागच्या नेपथ्यावर. १८ मध्ये चेहरे पांढरे फटक, बायकांच्या पांढऱ्या साड्या तर नुसते ठिपके.

नॉइजमुळे टाकावा असा एकही नाही! आणि मी तीन रात्री नॉइजचेच व्हिडिओ बघत होतो.

तिपाई

वा. आता बोला लोकहो.

रात्रपाळी

मी बरीच वर्षं रंगमंचाचे फोटो काढतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ते १८ पांढरे चेहरे. हे बघून मला हसू आलं, कारण यात तुमच्या ७१ चंही उत्तर आहे. रंगमंचावर चौकटीचा बराच भाग काळा असतो. कॅमेऱ्याचं मीटर सगळ्या चौकटीची सरासरी काढतं, त्याला वाटतं "फारच अंधार आहे बुवा", आणि ते काळ्या पडद्याला करडा करायला जातं. त्या नादात चेहरा जळतो आणि शटर विनाकारण हळू पडतं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या हिशोबात आपण करायची वजाबाकी) -१ वर ठेवा. चेहरा वाचेल आणि त्याच दमात शटर दुप्पट वेगाने पडेल. एक अख्खा स्टॉप, फुकट. मॅन्युअलवर चेहऱ्यावरून एक्स्पोजर धरून ठेवला तर आणखी उत्तम, फक्त दिवे बदलले की चाक फिरवायचं लक्षात ठेवा. मित्राचा कॅमेरा परत द्यायच्या आधी एका तालमीत करून बघा. बाजारात जायच्या आधी घरातले डबे उघडून बघावेत.

दुसरं, बऱ्यापैकी उजळलेल्या रंगमंचावर मला साधारण आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ३२००, एफ/२, १/१२५ असं रीडिंग मिळतं. ईव्हीच्या भाषेत हे ४ च्या आसपास. भिंगरी, तुम्ही म्हणता ते ० आणि -३ चे आकडे खरे आहेत, पण रंगमंच त्या दोघांच्याही वरच आहे. म्हणजे अंधारामुळे जुना कॅमेरा फोकस करू शकत नाही असं सहसा होत नाही. फक्त ते आकडे उजळ लेन्स धरून दिलेले असतात. एफ/५.६ ची किट लेन्स लावली की ती बरीचशी शिल्लक संपते आणि कॅमेरा चाचपडायला लागतो. म्हणजे इथेही पहिलं औषध लेन्सच.

पण तुमचा दुसरा मुद्दा मला शंभर टक्के पटतो. खरा फरक अंधाराचा नाही, ओळखण्याचा आहे. जुन्या बॉडीला चौकटीत ठळक रेघारेघांचं काहीतरी दिसलं की ती तिकडे धावते, आणि नेपथ्य म्हणजे ठळक रेघांचं माहेरघर. खिडकीचे गज, पुस्तकांचं कपाट. नव्या बॉडीला माणूस म्हणजे काय ते शिकवलेलं आहे. विंगेतलांचे ते २६ फोटो बॉडीच्या खात्यावर टाका. जुन्या बॉडीवर मधला एकच फोकस बिंदू निवडून तो आपण स्वतः चेहऱ्यावर ठेवला तर २६ चे १० होतील, पण मग चौकट बांधण्यातली अर्धी मजा जाते.

तिसरा मुद्दा अजून कोणीच काढला नाही, आणि नाटकात तो सगळ्यात मोठा आहे. आवाज! ए६००० मध्ये मूक शटर नाही. क्लिक होणारच. रंगीत तालमीत चालेल. पण प्रयोगात, भर शांततेत, आई मुलाचं पत्र वाचतेय आणि विंगेतून खटाक्. दिग्दर्शक मध्यंतरात तुम्हाला कॅमेऱ्यासकट शोधत येईल.

विंगेतला

शोधत आला आहे. मागच्या वर्षी. तेव्हापासून मी फक्त टाळ्यांच्या वाक्यांना फोटो काढतो. त्यामुळे आमच्या सगळ्या फोटोंत सगळे हसतायत, नाटक शोकांतिका असलं तरी.

वाचनमात्र

हा धागा वाचून मी पहिल्यांदाच मोठ्याने हसलो. लॉगिन करावं लागलं.

दुर्बिणवाली

मी पक्षीवाली आहे, नाटकातलं कळत नाही. पण सेकंडहँड घेण्यात माझा हात बसलाय, म्हणून लिहिते.

सगळ्यात आधी माउंट (बॉडीला लेन्स जोडायची जागा, दर कंपनीची वेगळी) जिवंत आहे का ते बघा. स्वस्त मिळतोय म्हणून लोक कुठलाही जुना मिररलेस उचलतात आणि मग लेन्ससाठी वणवण. सॅमसंगने एनएक्स सोडून दिलं. निकॉनची १ मालिका २०१८ मध्ये बंद झाली. कॅननचं ईओएस एम माउंट २०१२ मध्ये आलं, पुढे त्यांनी आरएफ माउंट काढलं आणि एम संपलं. तिन्ही ठिकाणी कॅमेरे वाईट नव्हते, पण आज त्यात पैसे घालणं म्हणजे बंद पडलेल्या रुळावर तिकीट काढणं. विंगेतलांचे दोन्ही पर्याय सोनीच्या ई-माउंटचे आहेत. हा मोठा दिलासा, कारण आज जुन्या बॉडीवर घेतलेली लेन्स उद्या नव्या बॉडीवर तशीच बसेल. बॉडी बदलते, लेन्स राहते.

ऑलिंपसचा ओएम-डी ई-एम१० मार्क २ पण स्वस्तात मिळतो, त्याच्या बॉडीत स्टॅबिलायझेशन आहे, माझ्या बहिणीकडे आहे आणि ती मजेत आहे. पण ती फुलांचे फोटो काढते, फुलं संवाद म्हणत नाहीत. नाटकाला नको.

आता हातात घेतल्यावर काय बघायचं ते. झाकण लावून काही सेकंदांचं एक्स्पोजर घ्या आणि झूम करा. लाल-हिरवे-पांढरे टाचणीएवढे ठिपके दिसले तर ते पिक्सेल गेलेले. एखाद-दुसरा चालतो. मग पांढऱ्या भिंतीचा एफ/१६ ला फोटो, मुद्दाम फोकस बिघडवून. काळे धूसर डाग म्हणजे धूळ, ती साफ होते. पण बारीक, स्पष्ट रेघ दिसली तर तो ओरखडा असू शकतो, तिथून नमस्कार करून निघा. माउंटचे स्क्रू झिजलेत का, म्हणजे कोणी उघडलाय का. केबल लावून पोर्ट हलवून बघा (भिंगरी!). बॅटरी बाहेर काढा. जाताना आरामात जाते पण निघताना अडकते ती फुगलेली असते. वरच्या फ्लॅशच्या खाचेत गंज नको. प्रत्येक चाक दोन्हीकडे फिरवा, कधी कधी एका क्लिकला आकडा दोनदा उडतो किंवा उलटा जातो.

शटर किती वेळा पडलंय हा आकडा काही मॉडेल्सच्या मूळ फाईलमधून निघतो. बघावा, पण त्याचं स्तोम नको. कमी वापरून दमट कपाटात ठेवलेला कॅमेरा मी पाहिलाय आणि दीड लाख क्लिक झालेला टणटणीतही पाहिलाय.

निगेटिव्ह

लेन्सला बुरशी. बाईंनी सांगितलं नाही म्हणून सांगतो. लेन्सच्या मागून मोबाईलचा टॉर्च मारा, पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर फुकट दिली तरी नको. ठेवताना हवाबंद डबा, सिलिका जेल, आर्द्रता ४० ते ५० टक्के. चामड्याच्या जुन्या पेटीत ठेवू नका. माझ्या दोन लेन्स अशाच गेल्या. एक वडिलांची होती.

दुर्बिणवाली

टॉर्चचं राहिलंच. धन्यवाद काका.

तिपाई

आता छुपा खर्च. बॉडीच्या किमतीत न दिसणारा.

नव्या कॅमेऱ्याची रॉ (प्रक्रिया न केलेली मूळ) फाईल जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत नाही. कॅमेरा येतो, मग सॉफ्टवेअर बदला, मग ते कॉम्प्युटरवर रडतखडत चालतं, मग कॉम्प्युटर बदला. ४० मेगापिक्सेलच्या मोहात पडलेला एक मित्र याच जिन्याने खाली आला. गंमत म्हणजे २४ वरून ४० वर गेलात तरी लांबीत फक्त २९ टक्के वाढ होते. ६००० चे ७७२८ पिक्सेल. प्रिंटमध्ये हातभर फरक पडेल असं वाटतं, पडतो वीतभर.

जुन्याचाही छुपा खर्च आहे. बॅटरी. ए६००० आणि त्या पिढीतली बॅटरी एनपी-एफडब्ल्यू५०, १०२० एमएएच. कागदावर ३६० फोटो, आणि वापरलेली बॅटरी असेल तर त्याहून कमी. ए६७०० मध्ये एनपी-एफझेड१००, २२८० एमएएच, दुपटीहून मोठी. तीन अंकी नाटकाला जुन्यासोबत तीन बॅटऱ्या धरा. चार्जिंगची केबलही जुनी मायक्रो यूएसबी, ती घरात शोधावी लागेल. आमच्या घरात एकच उरलीय आणि तिच्यावर तीन जणांचा हक्क आहे.

व्हिडिओ करणार असाल तर मात्र माझं मत फिरतं. ए६००० मध्ये फोर-के नाही, बाहेरचा माईक लावायला भोकसुद्धा नाही. नाटकाचा व्हिडिओ आवाजाशिवाय काय कामाचा?

विंगेतला

व्हिडिओ नाही. आमच्यात एक जण आधीच मोबाईल तिपाईवर (खऱ्या) लावून करतो.

आता माझ्या डोक्यात तिसराच पर्याय घोळतोय. सेकंडहँड ए६४००. २०१९ चा. मूक शटर आहे, डोळा धरून ठेवणारा फोकस आहे, आणि नव्या ए६७०० पेक्षा इतका कमी की एक चांगली लेन्स बसते. पण मधला पर्याय घेणं म्हणजे ना धड इकडचे ना तिकडचे, असं तर नाही ना होणार?

भिंगरी

नाही होणार. मी इथे नव्याची वकील आहे, तरी सांगते, फोकसच्या बाबतीत खरी उडी ए६४०० च्याच पिढीत बसली. बटण न दाबता डोळा आपोआप धरून ठेवणं तिथून सुरू झालं. ए६७०० पक्षी, किडे, गाड्या, विमानंही ओळखतो. तुमच्या नाटकात विमान येतं का?

विंगेतला

पुठ्ठ्याचं आलं होतं एकदा.

रात्रपाळी

ए६४०० चालेल. पण बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही. तुमच्या यादीत हाताचे १२ च होते, आणि १/२०० च्या वर शटर ठेवलंत की तेही जवळपास संपतील, त्यामुळे मी त्यावर पैसे घालणार नाही. बॅटरी तीच जुनी छोटी. वजन ४०३ ग्रॅम. तुलनेला, ए६००० ३४४ आणि ए६७०० ४९३. विंगेत तीन तास गळ्यात अडकवायचा म्हणून सांगितलं.

लेन्स ५६ मिमी एफ/१.४. सिग्माची या माउंटला मिळते, तिसऱ्या-चौथ्या रांगेतून किंवा विंगेतून एक-दोन माणसं छान बसतात. अख्खा रंगमंच हवा असेल तेव्हा किट लेन्स लावा, तेव्हा कोणी फार हलतही नसतं. आणि १.४ आहे म्हणून सतत १.४ वर काढू नका. दोन नट पुढेमागे उभे असतील तर एकच शार्प येईल. २ किंवा २.८ वर या, आयएसओ वाढवा. तुमच्या यादीत नॉइजचा आकडा शून्य होता हे विसरू नका, तिथे भरपूर जागा शिल्लक आहे.

एक धोक्याची सूचना. मूक शटर सेन्सर एका दमात वाचत नाही, वरून खाली ओळीओळीने वाचतं, आणि या सेन्सरना त्याला वेळ लागतो. एलईडी दिवे मंद केले की डोळ्यांना दिसत नाही इतक्या वेगाने लुकलुकतात. दोन्ही एकत्र आले की फोटोवर आडवे काळे पट्टे. शटर जितकं वेगवान तितके पट्टे ठळक. खरं शटर पडदा सरकवून एक्स्पोजर घेतं, ते याहून बरंच लवकर उरकतं, त्यामुळे तिथे हा त्रास कमी. ए६७०० घेतलात तरी हे पूर्ण टळत नाही. ते टळतं सगळा सेन्सर एकाच क्षणी वाचणाऱ्या कॅमेऱ्यात, सोनी ए९ मार्क ३ सारख्या, आणि त्याचं नाव आपण इथे काढायलाच नको.

विकत घ्यायच्या आधी भाड्याने आणून तुमच्याच दिव्यांत बघा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळेच कॅमेरे शहाणे असतात.

कवडसा

मी अजूनही म्हणतो ए६००० आणि दोन लेन्स. पण मूक शटरला माझ्याकडे उत्तर नाही. गप्प बसतो.

तिपाई

कवडसा गप्प बसला. धाग्याचं सार्थक झालं.

विंगेतला

(तीन आठवड्यांनी)

अपडेट द्यायला उशीर झाला, प्रयोग होता.

आधी रात्रपाळींचं ऐकून मित्राच्याच डीएसएलआरवर -१ ठेवून एक तालीम काढली. काहीच विकत न घेता. २०४ फोटो, खराब ५२. जळलेला चेहरा फक्त एक. नट हललेले ३०. म्हणजे चार वर्षं जे डोक्याला हात लावून बसलो होतो त्यातलं बरंच एका चाकाच्या तीन क्लिकमध्ये होतं. त्या रात्री मला कॅमेरा घ्यावासाच वाटेना. पण मित्र.

मग ए६४०० आणि ५६ एफ/१.४ एका दिवसासाठी भाड्याने आणली, रंगीत तालमीला. एफ/२, १/२००, आयएसओ ३२०० ते ४०००. २४० फोटो, खराब ३५. फोकस चुकलेले ८, त्यातले ५ एकाच प्रवेशातले, जिथे नटीच्या तोंडावर पदर आहे. नट हललेले १९, आणि त्यातले बरेच मारामारीतले. पडद्यावर फोकस गेलेला एकही नाही. भिंगरी, तुमची आठवण काढली.

पट्टे आले. अगदी रात्रपाळींनी सांगितलं तसेच. पहिल्या अंकात पिवळे जुने दिवे होते तोवर काही नाही. दुसऱ्या अंकात रात्रीचा निळा एलईडी मंद केला आणि मूक शटरवर सगळ्यांच्या अंगावर झेब्र्याचे पट्टे. प्रकाशयोजना करणाऱ्या मुलाला दाखवलं, त्याला वाटलं मी त्याची चूक काढतोय.

सेकंडहँड ए६४०० घेतला. टॉर्च मारला, भिंतीचा फोटो काढला, पोर्ट हलवून बघितलं, विकणारा वैतागला. एक चाक उलटं जात होतं, म्हणून पहिला नाकारला, दुसरा घेतला. लेन्स नवी घेतली. दोन बॅटऱ्या. पैसे उरले नाहीत, पण कर्जही नाही.

प्रश्न एवढाच राहिला की निळ्या प्रवेशात काय करू? नेमका तोच पत्र वाचायचा प्रवेश आहे.

रात्रपाळी

शटर १/५० किंवा १/१०० वर आणून मूकच ठेवून बघा. पत्र वाचताना ती हलत नसेल. दिवे विजेच्या ५० हर्ट्झच्या तालावर लुकलुकत असतील तर पट्टे जातील. डिमरच्या (दिवे मंद करणाऱ्या यंत्राच्या) स्वतःच्या तालावर असतील तर पूर्ण नाही जाणार, पण फिके होतील. नाहीच जमलं तर प्रकाशवाल्या पोराला चहा पाजा आणि तालमीत तो दिवा पूर्ण उजेडावर ठेवायला सांगून तेवढा प्रवेश टिपून घ्या. पूर्ण उजेडावर बऱ्याच एलईडींचं लुकलुकणं थांबतं.

भिंगरी

आणि ती पत्र वाचतानाचा फोटो इथे टाका. हसण्याचे फोटो पुरे झाले.

विंगेतला

शनिवारी प्रयोग आहे. १/५० लावून बघतो.